एकाच ब्राउन एलला २९ आणि ३७ गुण: तळाची बेरी की लोण्याचा वास?

यॉर्कवासी

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षे मी लीड्समध्ये राहतो आणि दोन वर्षांपासून चाखलेल्या प्रत्येक बिअरची नोंद वहीत ठेवतो. त्या वहीत या महिन्यात प्रथमच असे घडले की, एकाच बिअरला मी दोन दिवसांच्या अंतराने इतके वेगळे गुण दिले की, मला माझ्या जिभेवरच विचार करावा लागला. म्हणून हा धागा.

बिअर म्हणजे इथल्या एका अगदी लहान ब्रुअरीची (बिअर बनवण्याच्या कारखान्याची) ब्राउन एल, म्हणजे तपकिरी रंगाची, भाजलेल्या धान्याच्या चवीची इंग्लिश बिअर. औद्योगिक वसाहतीतला एक गाळा, तिथे काम करणारी चार माणसे आणि आठवड्यातून एकदाच उघडणारे विक्रीचे दार, एवढाच तिचा पसारा. नाव मुद्दाम देत नाही, कारण दोन बाटल्यांवरून कोणाच्या मेहनतीवर जाहीर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही. बाटली ५०० मिलिलिटरची, मद्यार्क ४.८ टक्के, बाटलीतच शेवटची आंबवण झालेली, म्हणजे तळाशी यीस्टचा पातळ थर असलेली. लेबलवर पेल माल्ट, क्रिस्टल माल्ट, चॉकलेट माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली सातू) आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (बिअरला कडवटपणा व सुवास देणारी फुले) एवढाच उल्लेख होता. मी चार बाटल्या घेतल्या. दुकानदाराने त्या शीतकपाटातूनच काढून दिल्या आणि मीही घरी आणून फ्रिजमध्ये ठेवल्या.

पहिली बाटली फ्रिजमधून काढून लगेच ओतली. तापमान ५ अंश होते. रंग सुरेख, उजेडासमोर धरल्यावर कडेला माणकासारखी लाली आणि वर बदामी फेस. पण वास जवळजवळ नाहीच, पहिल्या घोटाला बुडबुड्यांची टोच आणि शेवटी करपट कडवटपणा. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या ५० गुणांच्या पत्रकाप्रमाणे मी दिलेले गुण असे: वास १२ पैकी ६, रूप ३ पैकी ३, चव २० पैकी ११, तोंडातला पोत ५ पैकी ३, एकूण परिणाम १० पैकी ६. बेरीज २९.

दुसरी बाटली दोन दिवसांनी बाहेर काढून ठेवली आणि १२ अंशांना ओतली. तीच बिअर जणू दार उघडून बाहेर आली. भाजलेले शेंगदाणे, काकवी, पावाची खरपूस कड आणि त्या सगळ्यांवर तुपाचा मऊ सुवास. मी वासाला ९, रूपाला ३, चवीला १५, पोताला ३ आणि एकूण परिणामाला ७ असे गुण दिले. बेरीज ३७.

माझा प्रश्न असा आहे की, यातले खरे गुण कोणते मानावेत? आणि ज्या बिअरचा स्वभावच शांत आहे, तिला न्याय मिळेल असे गुण द्यायचे तरी कसे?

मुंढवेकर

मी पुण्यात बिअर तयार करण्याचेच काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंकोचपणे देतो. २९ गुण बाद समजा. इंग्लिश घडणीची ब्राउन एल १० ते १३ अंशांच्या दरम्यान चाखायची असते. ५ अंशांना माल्टचे सुवास हवेत उठतच नाहीत, गोडी दबते आणि कडवटपणा व बुडबुडे तेवढे पुढे येतात. तुम्हाला जी टोच आणि करपटपणा जाणवला, त्यात बिअरपेक्षा फ्रिजचा हात मोठा आहे.

परंतु ३७ गुणही मी डोळे मिटून स्वीकारणार नाही. 'तुपाचा मऊ सुवास' हे शब्द वाचताच माझे कान टवकारले. तो डायअसेटिल, म्हणजे लोण्यासारखा वास देणारे द्रव्य, असण्याची दाट शक्यता आहे. आंबवण चालू असताना यीस्टने बाहेर टाकलेल्या एका द्रव्यापासून ते बनते आणि यीस्टला पुरेसा वेळ मिळाला तर तेच यीस्ट ते पुन्हा शोषून घेऊन त्याचे बिनवासाच्या पदार्थात रूपांतर करते. म्हणून आम्ही आंबवणीच्या अखेरीस तापमान थोडे वाढवून बिअरला एक-दोन दिवस थांबू देतो. ती थांबण्याची पायरी घाईत उरकली की लोण्याचा वास मागे राहतो. काही इंग्लिश एलमध्ये तो किंचित असला तर चालवून घेतला जातो, पण तो ठळक असेल तर दोषच. तुम्ही ज्या गोष्टीला गुण दिलेत, तिच्यासाठी गुण कापायला हवे होते, असे माझे मत आहे.

शेवंता

मुंढवेकरांचा मुद्दा समजला, पण यॉर्कवासींनी 'तूप' लिहिले आहे, 'लोणी' नव्हे, आणि आपल्या स्वयंपाकघरात हे दोन वास एक नाहीत. माझ्या आजीच्या घरी दर गुरुवारी लोणी कढवले जाई, त्यामुळे त्यातली प्रत्येक पायरी मला नाकाने ओळखता येते. आधी लोणी वितळते तेव्हा दुधाळ, किंचित आंबूस, गुळमट वास येतो. मग फेस चढतो आणि कडकड आवाज येत राहतो, तोवर तो वास ओसरतो. आवाज थांबला की तूप झाले. त्यानंतर आच दोन मिनिटे जास्त राहिली तर तळाची बेरी तांबूस होते आणि तिचा जो वास सुटतो, त्यात लोणी उरलेलेच नसते. तो भाजलेल्या दाण्याच्या जवळ जाणारा, खमंग वास असतो. आम्ही मुले ती बेरी साखर घालून खात असू.

यॉर्कवासी, तुम्हाला आलेला वास यातल्या कोणत्या पायरीचा होता? पहिल्या पायरीचा असेल तर मुंढवेकरांचे म्हणणे बरोबर. शेवटच्या पायरीचा असेल तर तो माल्टचा गुण आहे आणि गुण कापणे अन्यायाचे होईल.

साधा_वाचक

मी बिअर क्वचित घेतो, पण हा धागा आवडीने वाचतो आहे. अशा एलला 'नट ब्राउन' म्हणतात असे ऐकले आहे. त्यात खरोखरच बदाम किंवा अक्रोड घालतात का?

अन्नरसायन

साधा_वाचक, परंपरेने घालत नाहीत. 'नट ब्राउन'मधला नट हा रंग आणि चव यांच्या साम्यापुरता असतो. चॉकलेट माल्टमध्येही चॉकलेट नसते. सगळी किमया सातूच्या दाण्याची आहे. दाणा भिजवून मोड आणायचे आणि मग वाळवायचे म्हणजे माल्ट झाला. तो कसा व किती भाजला यावर पुढचे सगळे ठरते. क्रिस्टल माल्ट करताना मोड आलेला दाणा ओला असतानाच ६५ ते ७० अंशांवर धरतात, त्यामुळे टरफलाच्या आतच पिठूळ भागाची साखर होते, आणि मग आच वाढवली की त्या साखरेपासून काकवी-टॉफीसारखी चव येते. चॉकलेट माल्ट मात्र कोरडा दाणा २०० अंशांच्या वर भाजून करतात. पिंपात भाजण्याची ही रीत डॅनियल व्हीलर याने १८१७ मध्ये इंग्लंडात पेटंट करून घेतली. या माल्टचे प्रमाण एकूण धान्यात शेकडा दोन-चार असले तरी रंग बदलून जातो, म्हणून हात सांभाळून घालावा लागतो.

शेवंताताईंनी सांगितलेला बेरीचा वास आणि भाजलेल्या सातूचा वास या दोन्हींच्या मुळाशी एकच प्रक्रिया आहे. साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकत्र येतात, तेव्हा तांबूस रंग आणि खमंग सुवास निर्माण होतात. त्याला मायार प्रक्रिया म्हणतात. दुधातली साखर व प्रथिने बेरीत भाजली जातात, धान्यातली माल्टमध्ये. डायअसेटिलचा मार्ग अगदी वेगळा आहे, तो भाजण्यातून येत नाही. त्यामुळे 'लोणी की बेरी' हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही, तर वासाचा उगम भट्टीत आहे की आंबवणीच्या टाकीत, हे त्यावरून कळते.

टाइनकाठ

माझे वास्तव्य न्यूकॅसलला आहे, त्यामुळे ब्राउन एलचा विषय निघाल्यावर गप्प राहणे मला शक्य नाही. वरच्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली जाते आहे की, 'ब्राउन एल' नावाचा एक ठरलेला साचा आहे आणि त्याच्याशी ताडून गुण द्यायचे. इतिहास तसे सांगत नाही.

लंडनमध्ये मान्स ब्रुअरीने १९०२ मध्ये बाटलीतली ब्राउन एल आणली. ती होती गोड आणि सौम्य. आजही तिचा मद्यार्क २.८ टक्केच आहे. पबमधल्या पिंपाच्या बिअरचा भरवसा नसे, त्यामुळे पुष्कळ लोक अर्धा ग्लास माइल्ड, म्हणजे पिंपातली कमी कडवट बिअर, घेऊन त्यात ही बाटली ओतून पीत. न्यूकॅसल ब्राउन एल १९२७ मध्ये आली. कर्नल जिम पोर्टर यांनी ती घडवायला तीन वर्षे घेतली होती. ती मानच्या एलपेक्षा फिकट, कोरडी आणि पुष्कळ कडक होती, आणि आज ती ४.७ टक्क्यांची आहे. लेबलवरच्या निळ्या ताऱ्याची पाच टोके म्हणजे ज्या पाच ब्रुअऱ्या एकत्र येऊन न्यूकॅसल ब्रुअरीज उभी राहिली, त्यांची खूण. इथली जुनी माणसे तिला लाडाने 'डॉग' म्हणतात, कारण पबमध्ये जायचे असले की 'कुत्र्याला फिरवून आणतो' असे सांगून घराबाहेर पडण्याची रीत होती. त्यानंतर अमेरिकेत १९८६ मध्ये पीट स्लॉसबर्ग यांनी पीट्स विकेड एल काढली आणि तिच्या वळणाने तिकडच्या ब्राउन एलमध्ये हॉप्सचा जोर वाढला.

आता सांगा, या तिघींना एकाच पत्रकावर तोलायचे तर कोणाला पूर्ण गुण मिळतील? माझ्या मते यॉर्कवासींनी आधी ब्रुअरीला काय करायचे होते हे पाहावे आणि मगच गुण द्यावेत.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. न्यूकॅसल ब्राउनला २००० साली युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले होते, म्हणजे ते नाव ठरलेल्या जागी केलेल्या बिअरलाच लावता येई. २००५ मध्ये शहरातली टाइन ब्रुअरी बंद होऊन उत्पादन नदीपलीकडे गेट्सहेडला गेले, तेव्हा त्या संरक्षणाला अर्थ उरला नाही आणि २००७ मध्ये ते रद्द झाले. २०१० मध्ये तर उत्पादन यॉर्कशायरमध्ये टॅडकास्टरला गेले. टाइनच्या काठी राहणाऱ्यांना याचे आजही वाईट वाटते, आणि मलाही वाटते.

मुंढवेकर

टाइनकाठ, साचा एकच नाही हे मान्य आहे, आणि बीजेसीपीनेही ते मानलेले आहे. त्यांच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत ब्रिटिश ब्राउन एल, अमेरिकन ब्राउन एल आणि ऐतिहासिक प्रकारांत लंडन ब्राउन एल असे तीन वेगळे प्रकार आहेत. ब्रिटिश प्रकारात मद्यार्क ४.२ ते ५.९ टक्के आणि कडवटपणा २० ते ३० एकक धरला आहे. यॉर्कवासींची बाटली ४.८ टक्क्यांची आणि गोल्डिंग्ज हॉप्सची असल्यामुळे ती याच घरातली ठरते. करणाऱ्याचा हेतू पाहावा हे योग्य, पण लोण्याचा वास राहावा असा हेतू सहसा कोणाचा नसतो.

मेलबर्नकर

मला दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे शांत बिअरला न्याय कसा द्यावा, याबद्दल लिहायचे आहे. गुण देण्याच्या पद्धतीतच उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते. बीजेसीपीच्या पत्रकात ५० पैकी २० गुण चवीला आणि १० एकूण परिणामाला आहेत. रेटबिअर या बिअरला गुण देण्याच्या संकेतस्थळाच्या पद्धतीतही ५० गुणच होते, पण त्यात चवीला १० आणि एकूण परिणामाला २० होते. हा फरक लहान नाही. एकूण परिणामाला वजन दिले की पहिल्या घोटात जी बिअर दिपवते ती वर चढते. बर्बन व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली १२ टक्क्यांची स्टाउट, म्हणजे काळीभोर दाट बिअर, आणि ४.८ टक्क्यांची ब्राउन एल शेजारी ठेवली, तर दुसरीला 'चांगली आहे' यापलीकडे कोणी काही लिहीत नाही. मोबाइलवर एका बोटाने तारे देण्याच्या सवयीने हे आणखी वाढले. ज्या बिअरचा अर्धा गुण तिसऱ्या-चौथ्या घोटाला कळतो, तिला पहिल्या घोटावर तारे मिळतात.

म्हणून मी एक नियम पाळतो. ग्लासच्या सुरुवातीला गुण लिहायचे, अर्ध्यावर पुन्हा लिहायचे आणि शेवटच्या दोन घोटांच्या वेळी तिसऱ्यांदा लिहायचे. ब्राउन एल चांगली असेल तर आकडा चढत जातो. भपकेबाज बिअरचा आकडा बहुधा उतरतो.

एका बाबतीत मात्र मुंढवेकरांशी मी सहमत नाही. २९ गुण बाद करू नयेत. बहुतेक लोक ही बाटली थेट फ्रिजमधून काढूनच पिणार आहेत, त्यामुळे थंडीत बिअर कशी लागते हीसुद्धा तिच्याबद्दलची खरी माहिती आहे.

मुंढवेकर

मेलबर्नकर, थंड पिण्याच्या सवयीचा त्रास मला रोज होतो, म्हणून तुमचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही जागच्या जागी बिअर करून वाढणारी ब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून इथे ताज्या बिअरचा परिचय वाढत गेला, पण उन्हाळ्यात दुपारी आलेला माणूस गव्हाची थंडगार बिअरच मागतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. गडद एल पाजायची असेल तर मी पावसाळ्याची वाट पाहतो. ग्लास आधी थंड करून ठेवू नका, असे मी वाढणाऱ्या मुलांना बजावून सांगतो, आणि गिऱ्हाईक 'गरम आहे' म्हणून परत पाठवते तेव्हा स्वतः टेबलापाशी जाऊन दहा मिनिटे थांबायची विनंती करतो. थांबलेल्यांपैकी पुष्कळ जण दुसरा ग्लास मागतात. त्यामुळे थंडीतले गुण वहीत जरूर ठेवावेत, पण ते बिअर वाढण्याच्या पद्धतीचे गुण समजावेत, बिअरचे नव्हेत.

यॉर्कवासी, तुमच्याकडे दोन बाटल्या शिल्लक आहेत, तर एक प्रयोग सुचवतो. एक फ्रिजमध्येच ठेवा, दुसरी कपाटात १८-२० अंशांच्या आसपास अंधारात ठेवा आणि तीन आठवडे दोन्हींना हात लावू नका. थंडीत यीस्ट निजलेले राहील. उबेत ते जागे राहील आणि डायअसेटिल असेल तर ते शोषून घेईल. मग दोन्ही १२ अंशांवर आणून चाखा. लोण्याचा वास असेल तर तो फक्त फ्रिजच्या बाटलीत सापडेल. बेरी असेल तर ती दोन्हींत राहील, कारण भाजण्यातून आलेली चव यीस्टला पुसता येत नाही.

आणखी एक. कपाटातल्या बाटलीतली थोडी बिअर झाकलेल्या ग्लासात घालून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग थंड करून न तापवलेल्या ग्लासाशेजारी हुंगा. तापवलेल्या ग्लासात लोणी उठले तर समजा की, त्याचे मूळ द्रव्य अजून शिल्लक आहे. ब्रुअरीत आम्ही बाटल्या भरण्याआधी हीच चाचणी करतो.

यॉर्कवासी

सर्वांचे मनापासून आभार. शेवंताताईंच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, मी वही पुन्हा उघडून पाहिली. 'तूप' या शब्दाशेजारी मी कंसात 'वितळते' असे लिहिले आहे आणि चवीच्या रकान्यात 'जिभेवर मऊ, बुळबुळीत पडदा' असेही लिहिले आहे. त्याच पानावर खाली 'दाणे, खरपूस' आहे. म्हणजे मला पहिली आणि शेवटची अशा दोन्ही पायऱ्या एकाच ग्लासात आल्या असाव्यात. लहानपणापासून तुपाच्या वासाला 'छान' म्हणण्याची सवय असल्यामुळे मी दोन्हींना एकत्र गुण देऊन मोकळा झालो. प्रयोग आजच सुरू करतो.

अन्नरसायन

तो बुळबुळीत पडदा ही नोंद महत्त्वाची आहे. डायअसेटिल जास्त असले की वासाबरोबर तसा निसरडा पोतही जाणवतो. काही माणसांना डायअसेटिलचा वास जवळजवळ येतच नाही, म्हणून परीक्षकांच्या मंडळात एकापेक्षा अधिक नाके असावी लागतात. शक्य असल्यास घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सोबत घ्या.

नवखा_पाहुणा

मला या सगळ्या मोजमापाबद्दल वेगळे वाटते. माणूस संध्याकाळी थकून घरी येतो, ग्लास भरतो, त्याला बरे वाटते. तिथे २० पैकी ११ आणि १० पैकी ६ कशासाठी? तुपाचा वास आवडला तर आवडला. इंग्रजी परीक्षकांना तो दोष वाटतो म्हणून आपण आपली आवड का बदलावी?

शेवंता

नवखा_पाहुणा, आवड बदलू नये हे अगदी खरे. मला वाटते, दोन रकाने ठेवावेत: मला किती आवडली, आणि बिअर किती नीट केलेली आहे. माझ्या घरी थोडी करपलेली पोळी आवडीने खाणारी माणसे आहेत, पण म्हणून ती पोळी नीट भाजली असे कोणी म्हणत नाही. गुण दुसऱ्या रकान्यासाठी असतात, कारण ते वाचून दुसरे कोणी बाटली विकत घेणार असते. आपल्या भाषेत 'खमंग', 'खरपूस' आणि 'करपट' असे तीन वेगळे शब्द आहेत, आणि ब्राउन एलबद्दल बोलायला मला तरी याहून नेमके शब्द सापडलेले नाहीत. खमंग हा क्रिस्टल माल्ट, खरपूस हा चॉकलेट माल्ट हात राखून घातलेला, आणि करपट म्हणजे तोच हात सुटलेला.

चाखण्याच्या वेळी काही खावे की नाही, हेही कोणीतरी सांगावे. मला बाजरीची भाकरी आणि दाण्याची चटणी यांच्यासोबत ही बिअर घेऊन पाहण्याची फार इच्छा आहे.

मेलबर्नकर

गुण देताना साधा पाव आणि पाणी, दुसरे काही नको. चटणीतली लसूण आणि तिखट जिभेवर बसले की गोल्डिंग्ज हॉप्सचा मातकट, फुलांसारखा सुवास पार लपतो. गुण लिहून झाल्यावर मात्र भाकरी-चटणीच घ्या, त्यातला दाणा आणि बिअरमधला दाणा एकमेकांना ओळखतात. जुने, कडक चेडार चीजही चांगले जुळते.

टाइनकाठ

ग्लासबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. न्यूकॅसलमध्ये ब्राउन एल लहान ग्लासात घेऊन बाटलीतून थोडी थोडी भर घालत पिण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे ग्लासातला फेस टिकतो आणि प्रत्येक भरीला वास पुन्हा उठतो. यॉर्कवासींची बाटली तळाशी यीस्ट असलेली आहे, त्यामुळे त्यांना ही रीत चालणार नाही. बाटली दर वेळी तिरकी केली की गाळ ढवळेल. त्यांनी एका दमात, सावकाश ओतावी आणि तळाची बोटभर बिअर बाटलीतच राहू द्यावी.

यॉर्कवासी

तीन आठवडे पूर्ण झाले आणि काल प्रयोग पार पडला. सविस्तर लिहितो.

दोन्ही बाटल्या १२ अंशांवर आणल्या आणि टाइनकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक बाटली एकाच दमात एका काचेच्या जगमध्ये ओतली. मग पत्नीने मला पाठमोरे बसवून दर फेरीत तीन लहान ग्लास भरले, त्यांपैकी दोन एका बाटलीचे आणि एक दुसरीचा. वेगळा ग्लास कोणता, एवढेच मी सांगायचे. अशा सहा फेऱ्या केल्या आणि पाच वेळा माझे उत्तर बरोबर आले. नुसत्या अंदाजाने सहापैकी किमान पाच बरोबर येण्याची शक्यता शेकडा दोनपेक्षाही कमी असते, म्हणजे दोन्ही बाटल्यांत खरोखर फरक पडला होता.

मग जागा बदलून पत्नीने चाखले. तिला कशाचीही कल्पना न देता मी तिच्यासमोर दोन ग्लास ठेवले. फ्रिजच्या बाटलीच्या ग्लासाला ती म्हणाली, 'हे पातेल्यात नुकतंच लोणी टाकल्यासारखं आहे.' कपाटातल्या बाटलीच्या ग्लासावर ती बराच वेळ नाक धरून थांबली आणि म्हणाली, 'याच्यात लोणी नाही, पण पातेलं तेच आहे.' तापवून थंड केलेला ग्लास आणि न तापवलेला ग्लास यांत मात्र आम्हा दोघांनाही काहीच फरक जाणवला नाही.

फ्रिजमधल्या बाटलीला मी वासाचे ७, रूपाचे ३, चवीचे १३, पोताचे ३ आणि एकूण परिणामाचे ६ गुण दिले, बेरीज ३२. कपाटातल्या बाटलीला ९, ३, १५, ४ आणि ७, बेरीज ३८. मेलबर्नकरांच्या नियमाने तीनदा लिहिले. कपाटातल्या बाटलीचे आकडे ३५, ३७ आणि ३८ असे चढत गेले, तेव्हा शेवटचाच आकडा धरला. पोताला एक गुण अधिक मिळाला, कारण तो बुळबुळीत पडदा नाहीसा झाला होता आणि घोट स्वच्छपणे, किंचित कोरडा होऊन संपत होता. करपटपणा कुठेच नव्हता. दाणे, काकवी आणि खरपूस कड जागच्या जागी होती.

म्हणजे माझे मूळचे ३७ गुण आकड्याने फारसे चुकले नव्हते, पण कारणाने चुकले होते. लोण्याला जे गुण मी दिले, ते मुळात बेरीचे होते, आणि लोणी त्यांच्या वाटेत उभे होते.

मुंढवेकर

हे वाचून मनापासून आनंद झाला. तापवलेल्या ग्लासात फरक नाही, याचा अर्थ कपाटातल्या बाटलीत मूळ द्रव्यही उरलेले नाही. यीस्टने आपले काम पूर्ण केले. जंतूंचा प्रादुर्भाव असता तर उबेत तीन आठवड्यांत वास वाढला असता आणि आंबटपणाही आला असता. कृती उत्तम आहे, माल्टचा हात तोललेला आहे, फक्त बाटल्या दोन-तीन आठवडे आधी शीतकपाटात गेल्या. चार माणसांच्या ब्रुअरीत जागा आणि पैसा दोन्ही अडकलेले असतात, तेव्हा माल लवकर बाहेर काढावा लागतो, हे मी जवळून पाहिलेले आहे. तुम्ही विक्रीच्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन त्यांना हे सांगा आणि वही सोबत न्या. ब्रुअरसाठी यापेक्षा उपयोगाची गोष्ट दुसरी नसते.

मी तुमच्या जागी असतो तर ३८ ऐवजी ३७ दिले असते, कारण तुमच्या वर्णनात हॉप्सचा उल्लेख कुठेच आलेला नाही. ब्राउन एलमध्ये हॉप्स मागेच असावेत, पण गोडीला शेवटी सावरून धरण्याइतके तरी जाणवायला हवेत.

यॉर्कवासी

मुंढवेकर, हॉप्सची नोंद राहून गेली, ही माझी चूक. वहीत 'शेवटी वाळक्या पाचोळ्याचा आणि किंचित चहापत्तीचा वास, कडवटपणा मध्यम' असे आहे. त्यामुळे ३८ कायम ठेवतो. येत्या शनिवारी ब्रुअरीचे दार उघडणार आहे. दोन्ही बाटल्यांची पाने घेऊन जातो, आणि नव्या घाण्याच्या बाटल्या मिळाल्या तर या वेळी थेट कपाटात ठेवतो.

शेवंता

एक बाटली भाकरी-चटणीसाठी राखून ठेवा आणि ती कशी लागली तेही इथेच लिहा. बाजरीचे पीठ लीड्समध्ये मिळत नसेल तर ज्वारीची भाकरीही चालेल, फक्त ती तव्यावरून काढल्यावर जाळावर नीट शेकून घ्या.